एक रुपया, एक डॉलर : हे कुठल्या सालातलं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या पुरवणीत रुपयाच्या घसरणीचा तक्ता आला आहे. त्याची पहिलीच ओळ ‘१९४७ : १ रुपया = १ डॉलर’. व्हॉट्सअ‍ॅपवर हे दरवर्षी फिरतं, तिकडे मी काणाडोळा करतो. पण वर्तमानपत्रात छापून आल्यावर राहवलं नाही. माझी सारी नोकरी फोर्टातल्या एका बँकेच्या परकीय चलन खात्यात गेली. दराचा चौथा दशांश चुकला तरी साहेब व्हाउचर परत पाठवायचे, इथे तर अख्खे दोन रुपये गायब आहेत!

त्या काळी रुपया बांधलेला होता तो पौंडाला. १९२७ च्या कायद्याने ठरलेला भाव रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स; रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै). पौंड ४.०३ डॉलरचा. आता भागाकार करून पाहा : डॉलर पडतो सुमारे ३ रुपये ५ आण्यांना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे १९४६ च्या डिसेंबरात रुपयाचं मूल्य नोंदवलं गेलं तेही ३०.२२५ सेंट, म्हणजे डॉलरला ३.३१ रुपये. यात कुठेही एकास एक बसत नाही.

चूक दुरुस्त करून थांबलो असतो, पण तक्त्याखालच्या मजकुराचा सूर जास्त खटकला. रुपया महाग असला की देशाची शान आणि स्वस्त झाला की नामुष्की, असा तो सूर आहे. हाच १ शिलिंग ६ पेन्सचा भाव इंग्रजांनी ठरवला तेव्हा मुंबईचे गिरणीमालक खवळले होते. त्यांना हवा होता १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १५ रुपयांना पौंड. महाग रुपयामुळे इंग्लंडातल्या लँकेशायरचं कापड इथे स्वस्तात उतरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करायला इंग्रजांनी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगात बसलेले मुंबईचे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली ती याच मुद्द्यावर. थोडक्यात, त्या भांडणात रुपया स्वस्त करा म्हणणारे आपले होते. (गिरणीमालकांचा त्यात स्वतःचा फायदा होता, हे अर्थात खरंच.)

दुसरी गोष्ट १९४९ ची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. फाळणीनंतर भारताचा आणि पाकिस्तानचा रुपया बरोबरीत चालत होता. जून १९४८ अखेरपर्यंत तिकडचीही मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच होती. १८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. आपण लगोलग पौंडापाठोपाठ गेलो, डॉलर ४.७६ रुपयांच्या भावाला गेला. पाकिस्तानने मात्र रुपयाला हात लावला नाही. एका रात्रीत त्यांच्या १०० रुपयांना आपले १४४ मोजायची वेळ आली. आपण तो दर मानायलाच नकार दिला, आणि व्यापार ठप्प झाला. ताग पिकायचा पाकिस्तानात गेलेल्या पूर्व बंगालात, त्याच्या गिरण्या आपल्याकडे हुगळीकाठी. मुंबईच्या गिरण्यांना लागणारा लांब धाग्याचा कापूस सिंध-पंजाबातला. आपण त्यांचा कोळसा थांबवला. कोण नमतं हे बघण्यात जवळपास दीड वर्ष गेलं. अखेर फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानचा दर मान्य केला. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख.

मग पाकिस्तान जिंकला म्हणायचं का? कोरियाच्या युद्धामुळे ताग-कापसाला भाव आला तोवर तसं दिसलं खरं. युद्धाची तेजी ओसरली, भाव कोसळले, आणि ३१ जुलै १९५५ ला त्यांनीही अवमूल्यन केलं. दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीला! आपल्या तक्त्याच्या हिशेबाने मधली सहा वर्षं पाकिस्तान आपल्यापेक्षा ४४ टक्के थोर होता. हे कुणाला पटेल?

पुढचे टप्पे आपण ‘रुपया कोसळला’ या एकाच शब्दात गुंडाळले आहेत. ६ जून १९६६ ला ४.७६ चा डॉलर ७.५० झाला, तो सरकारने जाहीर करून केला. १ आणि ३ जुलै १९९१ ला दोन टप्प्यांत झालं तेही तसंच, २१ च्या आसपासचा डॉलर २६ च्या जवळ गेला. त्या आठवड्यात आमच्या काउंटरवर आयातदारांची नुसती झुंबड होती, आपलं बिल नेमकं कुठल्या दराने सुटणार हे विचारायला. आणि मार्च १९९२ पासून वर्षभर तर दोन दर शेजारी शेजारी चालत होते : निर्यातदाराच्या कमाईतला ४० टक्के भाग सरकारी दराने, ६० टक्के बाजाराच्या. आपल्या तक्त्यात १९९२ पुढे एकच आकडा आहे. तो यातला कुठला?

तेव्हा दुरुस्ती छापणार असाल तर १९४७ पुढे ३.३१ रुपये लिहावं, आणि प्रत्येक आकड्याशेजारी दर सरकारने ठरवलेला की बाजाराने, एवढा एक रकाना वाढवावा. जागा कमी पडत असेल तर उजवीकडचं घसरत्या रुपयाचं व्यंगचित्र काढून टाकलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)