मृगाआधी कौलं बसतील

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

पंचवटीच्या घरासाठी काँक्रीटची कौलं सांगून आलेय, आगाऊ रक्कमही दिली. बाबा, आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर ‘यंदा शाकारून भागेल’ म्हणत तुम्ही पुन्हा शिडी लावली असती. त्या गुडघ्याने आता नको.

मंगलोरी कौलांना मी नावं ठेवत नाही. पण फुटलेल्याच्या जागी दुसऱ्या कारखान्याचं आणलं की खाच जुळत नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते. पत्रा स्वस्त पडला असता, पण खाली चैत्र-वैशाखात भट्टी, आणि पावसाच्या आवाजात आईचा डोळा लागला नसता.

तुमची पहिली शंका वजनाची असणार. एक कौल साधारण साडेचार किलोचं, चौरस मीटरला दहा लागतात. दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या दोन्ही उतरत्या बाजू, मिळून 60 चौरस मीटर, म्हणजे 600 कौलं, 2700 किलो. मंगलोरी 900 लागायची, अडीच किलोची धरली तर 2250. हा साडेचारशे किलोंचा फरक जुन्या वाशांवर टाकायचा नाही. आढ्याजवळचे तीन आतून पोकळ निघालेत. म्हणून लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा होईल. सागाचे चांगले वासे विकणार नाही, माळ्यावर ठेवू. चढ आहे तसाच, दोन फुटांना एक फूट. या कौलांना तेवढा पुरतो.

आई, एका वेळी एकच पाखं उघडेल. स्वयंपाकघर आणि देवघर एकदम उघडं पडणार नाही. चुलीपुढच्या उजेडाचंही लक्षात आहे. जुनं काचेचं कौल यात बसत नाही, म्हणून याच घडणीची दोन पारदर्शक घेतलीत, त्याच जागी. त्या कवडशात बसून मी पाढे म्हणायचे, तो कसा जाऊ देईन?

बाबा, मिस्त्री आले की खुर्ची अंगणात टाकून एवढं बघा. कौल 420 मिलिमीटर लांब आहे, रिपांचं, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर 320 च्या पुढे जाऊ देऊ नका. ते 350 पर्यंत ताणतील, ओळी वाचतात म्हणून. मग कौलावर कौल जेमतेम 70 मिलिमीटर चढतं आणि वाऱ्याने उलटं मारलेलं पाणी आत येतं. रिपांखाली जलरोधक कापड हवंच. वळचणीची, कडेची आणि आढ्यालगतची सगळी कौलं स्क्रूने बांधायची, मधली एकाआड एक. माल दोन्ही पाख्यांवर सारखा वाहायचा. एकाच बाजूला थप्पी लावली तर सांगाडा झुकतो. तीन-चार गठ्ठ्यांतली कौलं मिसळून लावायला सांगा, नाहीतर रंगाचे पट्टे दिसतात. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, नुसत्या सिमेंटवर बसवू देऊ नका, उन्हाने ते चिरतं. खाली आढ्याची पट्टी आणि वरून स्क्रू.

कापणी फाटकाबाहेर आणि पाणी मारूनच. ती धूळ आईच्या दम्याला फार वाईट. तेवढे दिवस आईने मावशीकडेच राहायचं, यात वाद नको. कापल्यावरचा राडा लगेच धुवायला लावा, वाळला तर कौलांवर डाग धरतो.

पहिल्या पावसात कौलांवर पांढरट झाक आली तर घाबरू नका. सिमेंटातला चुना वर येतो, पुढे पावसानेच जातो. ॲसिड लावू नका. तीस कौलं जास्तीची मागवलीत, ती मागच्या पडवीत उभी ठेवा.

आणि बाबा, वर काही सरकलंसं वाटलं तर मला फोन करा. शिडी मी शेजारी ठेवायला देणार आहे. रागावू नका.

तुमची,
चिमी