सफरचंदाचा नव्हे, आलुबुखाराचा

ती. आजींना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितेय. जर्मनमध्ये लिहायला बसले की व्याकरण सांभाळता सांभाळता मनातलं राहून जातं. लेक वाचून दाखवेल.

तिच्या शाळेतल्या प्रकल्पाचा विषय होता ‘१९८९च्या आधीची आमची इमारत’, म्हणजे बर्लिनची भिंत पडण्याआधीची. आम्हाला लाइपझिगला येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आमचं कसलं १९८९! ती वही घेऊन चारही मजले फिरली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, तेव्हा भाडं किती स्वस्त होतं. दुसऱ्या मजल्यावर दार अर्धंच उघडलं. तुम्ही तेवढं म्हणालात, “गुरुवारी चारला ये. आईलाही आण.”

आणि टेबलावर ठेवलीत ती श्टाझीने, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, तुमच्यावर ठेवलेली फाइल. झेरॉक्स प्रत, मधूनमधून इतरांच्या नावांवर काळ्या पट्ट्या. १९९२पासून ज्याची फाइल त्याला वाचता येते, हे मला ठाऊक होतं. असे कागद ओळीने लावले तर १११ किलोमीटर भरतात, हेही वाचलं होतं. पण त्यातलं एक पान हातात आलं आणि पोटात गोळाच आला. रविवारी पाहुणे किती वाजता आले, कधी गेले, खिडकी उघडी होती की बंद. शिवाय ‘सफरचंदाचा केक’. तिथे बोट ठेवून तुम्ही खो खो हसलात. “आलुबुखाराचा होता! डोळ्यांत तेल घालून बसले आणि साधं फळ ओळखता येईना.”

लिहिणाऱ्याचं फक्त टोपणनाव होतं. खरं नाव हवं तर वेगळा अर्ज करता येतो. तो तुम्ही केलाच नाहीत. लेकीने का म्हणून विचारलं, तर म्हणालात, “केकला आम्ही चौघंच असायचो.” मी तिला टेबलाखालून पायाने खुणावलं. तुम्ही ते पाहिलंत आणि मलाच दटावलंत, “विचारू दे.”

तोवर मला वाटायचं, इथली माणसं एकतर विसरलीत, नाहीतर लपवताहेत. सगळं कपाटात नीट लावून ठेवायचं आणि एकच नाव मुद्दाम विचारायचं नाही, याला काय म्हणावं ते मला अजून उमगलेलं नाही.

नंतर काठी टेकत तुम्ही आम्हाला ऑगस्टसप्लाट्झला नेलंत. चौकाला कार्ल मार्क्सचं नाव होतं तेव्हा, ३० मे १९६८ला, तिथलं विद्यापीठाचं जुनं चर्च सुरुंग लावून पाडलं. आता त्याच जागी चर्चसारखीच दिसणारी नवी इमारत आहे, २०१७ला उघडलेली. मला ती आवडते. तुम्ही म्हणालात, “कवळी!” ९ ऑक्टोबर १९८९चंही तसंच. पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध रिंगरोडवर ७०,००० माणसं उतरली होती, तुम्ही मात्र तापाने घरी. “आता जो भेटतो तो म्हणतो, मी होतो. त्या रात्री घरात मी एकटीच असणार.”

आजी, तुमचे मनापासून आभार. प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर लेकीने तुमच्या केकची कृती लिहिली. बाईंनी विचारलं, इतिहासाच्या वहीत हे कशाला? ही म्हणाली, “फाइलीत चुकलं होतं. दुरुस्त केलं.”

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची