हाडांचे सलाईन आणि त्यानंतरचा ताप

संपादक महोदय,

बीजांडकोश काढल्यावर किंवा पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते. टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन जास्त सोडतात, हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना देणारे रँकएल हे प्रथिन वाढते, त्या पेशींना मोकळे रान मिळते आणि हाडे ठिसूळ होतात. त्यावर झोलेड्रॉनिक आम्ल हे हाडांची झीज रोखणारे औषध ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा, किमान १५ मिनिटांत शिरेतून सलाईनने देतात. पहिल्या वेळी अनेकींना ताप, अंगदुखी होते. औषधाने पेशींत साचलेला आयपीपी हा घटक गॅमा-डेल्टा या प्रकारच्या टी-पेशींना चेतवतो, म्हणून. बहुधा तीन दिवसांत पॅरासिटामॉलवर उतरतो. पुढच्या वर्षी त्रास बराच कमी. नागपूरच्या मे महिन्यात मात्र तो उष्माघात समजला जातो, आणि खरा उष्माघात या तापात लपतोही. शक्यतो सलाईन हिवाळ्यात घ्यावे. आधी भरपूर पाणी, ड जीवनसत्त्व व कॅल्शियमची तपासणी. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असल्यास घेऊच नये.

डेनोसुमॅब हे दुसरे औषध रँकएललाच अडवते. ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी, त्वचेखाली. ‘बरं वाटतंय’ म्हणून पुढची सुई टाळली की दबलेल्या पेशी उसळतात आणि मणके एकापाठोपाठ मोडू शकतात. थांबवायचेच तर डॉक्टरांकडून दुसरे औषध ठरवून घ्यावे.

– काही अस्थिरोगतज्ज्ञ, धंतोली, नागपूर