माळ्यावरची हँडबिले रद्दीत घालण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या पेठांमधली दुकाने पाडायला काढली की माळ्यावरून कधी कधी संगीत नाटक मंडळ्यांची हँडबिले, पदांच्या पुस्तिका, नटांचे फोटो, ग्रामोफोनच्या तबकड्या असे काहीबाही निघते. पुढचा क्रमही ठरलेला. फोटो आणि तबकड्या जुन्या वस्तूंचा व्यापारी उचलतो, हँडबिलांतली रंगीत तेवढी निवडतो आणि दुकानाचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, किलोच्या भावाने रद्दीत जातो. मंडळीचा मुक्काम किती दिवस होता, घासलेट किती गेले, उधारी फिटली की बुडाली, हे कळण्याची जागा मात्र तो रोजमेळच. म्हणून गठ्ठा सोडण्याआधी आहे तिथेच फोटो काढावेत. कोणत्या कागदाखाली कोणता कागद होता, तो क्रम मोडू नये.

अनेक हँडबिलांवर वार आणि तारीख असते, साल नसते. तरी ते काढता येते. उदाहरणार्थ, 'शुक्रवार, ता. ८ जुलै' हा योग १९१०, १९२१, १९२७ आणि १९३२ साली आला. खेळ 'मानापमान'चा असेल तर १९१० बाद, कारण ते नाटक रंगभूमीवर आले १९११ मध्ये. नटांत बालगंधर्वांबरोबर केशवराव भोसले असतील तर पुढची दोन्ही साले बाद. केशवराव ऑक्टोबर १९२१ मध्ये वारले. उरले १९२१, म्हणजे टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला दोघांच्या मंडळ्यांचा संयुक्त प्रयोग. कागदावर तिथीही असेल तर काम आणखी सोपे. तारीख आणि तिथी साधारण १९ वर्षांनी पुन्हा जुळतात, पण तेव्हा वार जुळत नाही. त्यामुळे तिन्ही असतील तर एका मंडळीच्या हयातीत बहुधा एकच साल बसते. हे साल कागदावर पेनाने लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे.

आता नासधूस कशाने होते ते. सर्वांत मोठा शत्रू कसर नव्हे, लॅमिनेशन. ते उष्णतेने चिकटवलेले असते, पुन्हा सोडवता येत नाही आणि आतला आम्लयुक्त कागद पिवळा पडायचा थांबत नाही. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तेलकट होऊन अक्षरांतून आरपार उतरतो. उन्हात वाळवले तर गुलाबी आणि हिरवी शाई आधी उडते. गंजलेली टाचणी ओढू नये; तिच्याखाली प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सरकवून अलगद काढावी. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेल्या हिशेबाला ओले बोटसुद्धा लावू नये, ओळ पसरते. एकमेकांना चिकटलेले फोटो घरी सोडवायला बसू नये. कागद ठेवायला आम्लरहित कागदाची पाकिटे घ्यावीत; पीव्हीसीचे अल्बम नकोत.

तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. 'स्पिरिटने पुसा' हा सल्ला म्हणूनच घातक. मऊ कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने धूळ काढावी, तबकड्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. लेबलालगतच्या मोकळ्या कड्यात कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा, ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवायला तो लेबलाइतकाच उपयोगी. एलपीची सुई या तबकडीला चालत नाही. इथली खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. जुन्या ग्रामोफोनवर पोलादी सुई वापरायचीच तर दर बाजूला नवी. एकच सुई पुरवून वापरणे म्हणजे खाच किसणे.

विकायचे की द्यायचे, हा मालकाचा प्रश्न. मात्र १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे कागद ७५ वर्षांचे झाले की पुरावस्तूत मोडतात आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक आहे म्हणून भाव सांगणाऱ्याला हे ऐकवावे. संग्रहालयाला देताना प्रत्येक नगाची यादी दोन प्रतींत करून सही घ्यावी, दान की ठेव हे त्यावर स्पष्ट लिहावे आणि गठ्ठा रोजमेळासकट एकत्रच राहील अशी अट घालावी.

आपले,
जुन्या नाट्यविषयक कागदपत्रांचे काही अभ्यासक