छोटूचा लॅपटॉप एवढ्यात काढून घेऊ नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर छोटूच्या गेमिंगचा विषय निघाला की बाबा चिडतात आणि आई रडते, म्हणून लिहूनच कळवते.

छोटूकडे दोन दिवस राहून आले. भर दुपारी पडदे ओढलेले, हेडफोनच्या पट्ट्याने केसांत खाच पडलेली. शेजारी बसून मी त्याचा खेळ पाहिला. शेवटी तो जिंकला. हेडफोनमधला पोरांचा आरडाओरडा मलाही ऐकू येत होता, पण ह्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. लगेच पुढचा डाव. बाबा, तुम्ही म्हणता तो मजा मारतोय. मजा मारणारा माणूस असा दिसत नाही हो.

त्याला घेऊन समुपदेशकांकडे गेले. (तुम्हाला न विचारता. रागवा हवं तर.) त्यांनी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण तो तास मोजून ठरत नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं त्याच्या मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं, असं बघतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या पुस्तकात नऊ लक्षणं आहेत. त्यातली दोन ऐकून मी गप्प झाले: उदास वाटलं की त्यातून सुटायला खेळणं, आणि किती खेळतो ते घरच्यांपासून लपवणं. 'रात्रभर प्रोजेक्ट करत होतो' आठवतंय ना?

आधी गेम की आधी नैराश्य, हे मी विचारलंच. ते म्हणाले, दोन्हीकडून असतं, एक दुसऱ्याला ओढतं. छोटूचं म्हणाल तर पहिल्या सत्रात दोन विषय राहिले, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. मग रात्री खेळ, पहाटे झोप, सकाळचे तास बुडाले, वर्गात तोंड दाखवायची लाज, म्हणून पुन्हा खेळ. मला म्हणाला, "ताई, मी मध्येच उठलो तर तिथे चार जण अडतात. वर्गात नाही गेलो तर कुणाला पत्ताही नसतो."

जगणं नकोसं वाटतं का, हेही त्यांनी त्याला सरळ विचारलं. तो 'नाही' म्हणेपर्यंत माझा श्वास अडकला होता.

म्हणून बाबा, तिकडे जाऊन लॅपटॉप उचलून आणायचा बेत सोडा. खेळ काढला तरी उदासी जाणार नाही, आणि बोलायला असलेली ती चार पोरंही तुटतील. आधी झोपेची वेळ सुधारायची आणि नैराश्यावर उपचार सुरू करायचे, असं ठरलंय. खेळ हळूहळू कमी करायचा. मला हे पटलं.

रविवारी तो फोन करेल. राहिलेल्या विषयांचं तो स्वतःच सांगणार आहे, तुम्हाला माहीत आहे असं दाखवू नका. आणि बाबा, गेमबद्दल बोलायचंच असेल तर कोणता खेळतोस ते विचारा. बुद्धिबळात हरल्यावर तुम्ही पट उधळायचात, ते त्याला अजून आठवतं.

तुमची,
लेक