शेरा पेन्सिलीनं लिहिणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

परवा आमच्या बी.एड.च्या मुलांचा छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाचा काळ, संपला आणि तुमच्या शाळेत पाठवलेल्या सहाही जणांच्या टाचण वह्या, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वह्या, तपासायला टेबलावर आल्या. पहिली वही उघडली तर पानांतून खोडरबराचा भुगा सांडला. दुसरीतही तेच. विचारलं तेव्हा कळलं, की तुम्ही पाठाचे शेरे पेन्सिलीनं लिहिता आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवता, "पुढच्या पाठात ही चूक झाली नाही, तर तुझं तू खोडून टाकायचं."

खोडलेलं अक्षर पुरतं जात नाही, बाई. वही खिडकीकडं तिरपी धरली की उमटलेला दाब दिसतो. ते शेरे तसे वाचले आणि वाटलं, की खासगीत फोन करून हे आभार मानून होणार नाही. तुमचं नाव, गावाचं नाव लिहीत नाही, तुम्हालाच ते आवडणार नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची प्रशाला, एवढी ओळख पुरे.

आमच्याकडं शेरा म्हणजे लाल पेन. "छान." "आवाज स्पष्ट." "फलकलेखन सुधारा." आता सुधारा म्हणजे नेमकं काय करा? ते पोरीला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं. तुमचा शेरा होता: "पाचव्या ओळीपासून अक्षरं खाली उतरली, कारण लिहिताना तू जागची हलली नाहीस. हात लांबवू नकोस, उजवीकडं सरकत लिही. खडू मोडून अर्धा घे, आख्खा किंचाळतो." तिच्या पुढच्या पाठाला फळा सरळ आहे. शेरा खोडलेला आहे.

एका वहीत तर शेराच नाही, चौकोन आहेत. वर्गातल्या बसण्याच्या जागांचा नकाशा, एकेका मुलाचा एकेक चौकोन, आणि ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ. एकवीस रेघा, त्यातल्या सतरा पुढच्या दोन ओळींत. खिडकीकडच्या मुलींची सगळी ओळ कोरी. खाली फक्त एवढंच: "या सातजणी आज शाळेत होत्या का?" वर्गातला सहभाग वाढवण्यावर आम्ही चार तास बोलतो, तेव्हाही एवढं पोचत नाही. हा नकाशा तुम्ही तिला सगळ्यांसमोर दाखवला नाही, घडी घालून वहीत ठेवून दिलात, हेही तिनंच सांगितलं.

बाष्पीभवनाच्या पाठाचं पान मात्र मी पुढच्या वर्षी वर्गात वाचून दाखवणार आहे, त्या मुलीला विचारूनच. तिच्या टाचणात प्रयोग होता: दोन ताटल्या, प्रत्येकीत दोन चमचे पाणी, एक उन्हात, एक सावलीत. आणि निरीक्षणाच्या रकान्यात आदल्या रात्रीच लिहून ठेवलेलं: "उन्हातील ताटलीतील पाणी नाहीसे झाले." भाद्रपदातली दमट हवा, ढगाळ आभाळ आणि ३५ मिनिटांची तासिका. पाणी कुठं जाणार? तासाच्या शेवटी एक पोरगं म्हणालं, "बाई, पाणी हाय तसंच हाय की." ती गडबडली. "थोडं कमी झालंय ना? नीट बघा." सगळा वर्ग एका सुरात, "हो बाईऽऽ."

तुमचा शेरा: "मुलं खोटं बोलली, कारण तू त्यांना खोटं बोलायला लावलंस. खरं बोललेला एकच होता, त्याला तू खाली बसवलंस. पाणी आटलं नाही हेच आजचं निरीक्षण. कामून आटलं नाही, हा प्रश्न तुला आयता मिळाला होता."

आणि त्याच्याखाली तोडगा. ओलं फडकं पिळून फळ्यावर दोन जागी सारखं फिरवायचं, एका जागेला वहीनं वारा घालायचा, दुसरी तशीच सोडायची. वाऱ्याची जागा आधी कोरडी होते, पोरांच्या डोळ्यांदेखत, तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत. खर्च शून्य. ताटल्या ठेवायच्याच असतील तर पाण्याच्या कडेशी पेनानं खूण करायची आणि उद्या, परवा पुन्हा बघायचं. फडकं मात्र ठिबकतं असू नये, नाहीतर ओघळ येतात आणि दोन्ही जागा सारख्या राहत नाहीत. हा बारकावा कुठल्या हस्तपुस्तिकेत नसतो, तो करून पाहिलेल्यालाच माहीत असतो.

त्याच पाठात एका मुलानं "आटतं" असं उत्तर दिलं होतं आणि तिनं "शास्त्रीय शब्द सांग" म्हणून ते टाकून दिलं. मराठवाड्यातल्या पोराला आटणं शिकवायला लागतं का? फेब्रुवारीपासून ते दुसरं काय बघतं? तुम्ही लिहिलंत: "आटतं हे उत्तर बरोबर. ते फळ्यावर लिही, शेजारी बाष्पीभवन लिही. मग विचार, आपली विहीर आटते ती सगळी बाष्पीभवनानंच का?" विहिरीत उपसा आहे, झिरपणं आहे, भूजल खाली जाणं आहे, म्हणजे त्या एका शब्दात पुढचे दोन पाठ होते.

इथं आमचीही बाजू मांडतो. महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापन होतं. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे कसं झालं ते ऐकायचं, १२ मिनिटं पुनर्नियोजन, परत ६ मिनिटं अध्यापन आणि ६ मिनिटं प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं चक्र. कौशल्य सुटं करून घोटायला ते चांगलंच आहे. पण समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात वर्गमित्र, आणि ते कधी चुकीचं उत्तर देत नाहीत. उद्या त्यांची पाळी असते ना! त्यामुळं चुकलेल्या, अर्धवट, तिरक्या उत्तराचं काय करायचं हे आमची मुलं पहिल्यांदा शिकतात ती शाळेत, आणि तेव्हा मागच्या बाकावर कोणी बसलेलं नसेल, तर शिकतच नाहीत.

प्रस्तावनेचंही तसंच. टाचणात तिला ५ मिनिटं असतात, प्रत्यक्षात ती १२ मिनिटं खाते. का, तर पाठाचं नाव मुलांच्याच तोंडून यायला पाहिजे असा एक समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. मग "तुम्ही सकाळी उठून काय करता?" पासून सुरुवात होते आणि "तर मग आज आपण काय शिकणार आहोत?" पर्यंत पोचेस्तोवर घंटेला वीस मिनिटं उरलेली असतात. संकलन, उपयोजन घाईत, गृहपाठ दारातून. तुम्ही एकाला सरळ लिहिलंत: "तिसऱ्या प्रश्नाला नाव आलं नाही तर तू सांगून टाक. आभाळ कोसळत नाही." आमच्या कुणी प्राध्यापकानं हे लिहायचं धाडस केलं नसतं, पंचपदीचा, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच पायऱ्यांचा, अपमान होईल म्हणून.

आणि ती तीन बोटं. प्रश्न विचारून झाला, की मागच्या बाकावरून तुम्ही एकेक बोट वर करायचात, तिसरं वर झाल्याशिवाय मुलाचं नाव घ्यायचं नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात, तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारीही बोलू लागतात. आमच्या परीक्षेत यावर टीप येते. पोरं टीप पाठ करतात, पाच गुण घेतात आणि वर्गात जाऊन अर्ध्या सेकंदात पुढच्या बाकावरच्या हुशार पोराचं नाव घेतात.

आता थोडं कडू. तुमच्या आधीच्या वर्षी ज्या शाळेत मुलं पाठवली, तिथं पहिल्याच दिवशी चार महिन्यांच्या सह्या एका बैठकीत करून मिळाल्या. शिक्के मारून. "नेट-सेटचा, टीईटीचा अभ्यास करा, कशाला उन्हातान्हात येता," असं वर कौतुकानं सांगितलं गेलं. (टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा; नेट-सेट प्राध्यापकीसाठीच्या.) जी मुलं तरीही गेली, त्यांना पोषण आहाराची नोंदवही आणि ऑनलाइन माहिती भरायला बसवलं. रजेवरच्या शिक्षकांचे तास त्यांच्या गळ्यात घातले आणि वर्गात डोकवायला कोणी आलं नाही. दोष एकट्या शाळेचा नाही. वर्षभर तोंड न दाखवता परीक्षेपुरतं उगवायची सोय देणारी महाविद्यालयं आपल्याच भागात आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षक घडवणाऱ्या शिक्षणाची पाहणी करायला सर्वोच्च न्यायालयानं न्या. वर्मा आयोग नेमला तो महाराष्ट्रातल्याच डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. २०१२ साली अहवाल आला, २०१४ ला नवे नियम, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. कागदावर सोळा आठवडे आले, पण त्या सोळा आठवड्यांत मागच्या बाकावर कोण बसणार, हे कुठल्याच नियमानं ठरवता येत नाही. आता चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची भाषा सुरू आहे. येऊ द्या. टीईटीत १५० मिनिटांत १५० प्रश्न आहेत, शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीत १२० मिनिटांत २००. पण ह्या दोन्हींत उमेदवाराला पोरांपुढं उभं राहून शिकवताना कुणीही बघत नाही.

तुम्ही बघितलंत. आख्खी तासिका, प्रत्येकाची, मोबाइल कपाटात ठेवून. त्याचे तुम्हाला पैसे मिळत नाहीत, गोपनीय अहवालात गुण मिळत नाहीत, उलट स्वतःचं काम मधल्या सुट्टीत उरकावं लागतं. साधी माणुसकी म्हणतात ती हीच असावी, दुसऱ्याच्या शिकण्याकडं पूर्ण ३५ मिनिटं लक्ष देणं. हल्ली ती इतकी दुर्मीळ झालीय, की भेटली की माणूस पत्र लिहायला बसतो.

दसऱ्यानंतरचंही लिहायला पाहिजे. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आणि सातवीच्या पटावरचे अकरा जण कमी झाले. हंगामी वसतिगृहात जी राहिली ती राहिली, बाकीची आईबापांबरोबर कारखान्याच्या वाटेला. आमच्या मुलांनी ती नावं हजेरीत गैरहजर म्हणून मांडली असती आणि विषय संपला असता. तुम्ही आमच्या मुलांना शिक्षण हमी कार्डाला, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात त्या कार्डाला, एकेक चिठ्ठी जोडायला लावलीत: हे मूल कुठपर्यंत आलंय. "जोडाक्षरं वाचतो, पण अडखळतो." "हातच्याची वजाबाकी येते, भागाकार अजून नाही." "घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलते, सूचना दोनदा सांगावी." ही चिठ्ठी लिहायची म्हणजे मूल माहीत पाहिजे. आमच्यातल्या दोघांना पहिल्या दिवशी एकही ओळ लिहिता आली नाही. त्यांना तुम्ही रागावला नाहीत, त्या मुलांशेजारी तासभर बसवलंत आणि मग लिहून घेतलंत. मूल्यमापनाचा अख्खा पेपर त्या तासात झाला.

एक अडचण आहे, तेवढी मोकळेपणानं सांगतो. विद्यापीठाच्या तपासणीला पेन्सिलीचा शेरा चालत नाही. त्यांना शाई लागते, सही लागते, तारीख लागते. त्यावर असं करू: पाठ निरीक्षणाच्या छापील तक्त्यावर गुण आणि दोन ओळी पेननं, ते फाइलला लागेल. वहीतलं पान तुमचं आणि त्या मुलांचं. तिथं आमची लाल शाई येणार नाही, हे आम्ही सगळ्यांनी ठरवलंय.

शेवटच्या पाठाचा शेरा मात्र सहाही वह्यांत तसाच आहे. त्यानंतर पाठच नव्हता, मग खोडणार कधी? एकीनं विचारलं, "सर, हा आता राहिलाच का?" तिला सांगितलं, नोकरी लागली की पहिल्या महिन्यात खोड.

पुढची तुकडी पाच जणांची आहे: तीन विज्ञान-गणिताचे, दोघी मराठी-इतिहासाच्या. तारखा मुख्याध्यापकांना कळवतोच. त्यांच्याबरोबर पेन्सिलींचा एक डझन आणि खोडरबर पाठवतोय, नको म्हणू नका.

आपला,
अध्यापक महाविद्यालयात छात्रसेवाकालाचं वेळापत्रक लावणारा एक प्राध्यापक