सात टक्के सलाईनसाठी: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया या आनुवंशिक आजारात श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया, नीट हलत नाहीत. कफ वर सरकत नाही, साचतो, त्यात जंतू वाढतात आणि पुढे श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. जन्मापासून वाहणारे नाक आणि बारमाही ओला खोकला ही या आजाराची खूण. सुमारे निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे असते.

या मुलांना डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीनचे, म्हणजे खोकला दाबणारे, सिरप कधीही देऊ नये. सिलिया बंद असताना कफ बाहेर काढायला खोकलाच उरतो. तोच दाबला की सगळे आत राहते.

आमची मागणी साधी आहे. वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने नेब्युलायझरसाठीचे (औषधाची वाफेसारखी फवार करून श्वासातून देणारे यंत्र) निर्जंतुक 7 टक्के सलाईन, म्हणजे मिठाचे पाणी, 4 मिलिलिटरच्या एकदाच वापरायच्या कुप्यांत, जिल्हा रुग्णालयांना पुरवावे. मोठी बाटली नको, उघडली की ती दूषित होते. घरी मीठ विरघळवणे तर मुळीच नको.

हे मीठ पाणी ओढून घेते आणि कफ सैल होतो. मात्र त्यानेच नलिका आखडूही शकतात. म्हणून पहिला डोस रुग्णालयातच, आधी आणि नंतर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून. एरवीही 15 मिनिटे आधी श्वासनलिका मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल. 7 टक्के सोसले नाही तर 3 टक्के. त्यानंतर लगेच छातीची फिजिओथेरपी, कारण पातळ झालेला कफ आपोआप वर येत नाही. फिजिओथेरपिस्टविना नुसत्या कुप्या पाठवू नयेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो. नेब्युलायझरचा कप रोज साबणाने धुऊन, उकळून, पूर्ण वाळवायचा. ओल्या कपात स्युडोमोनास हा जंतू वाढतो.

या आजारात सलाईनच्या चाचण्या अजून लहान आहेत, हेही मान्य करतो. पण डॉर्नेज अल्फा या कफ पातळ करणाऱ्या, श्वासातून घ्यायच्या औषधाची गोष्ट वेगळी. सिस्टिक फायब्रोसिस या कफ घट्ट करणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात ते गुणकारी, म्हणून इथेही सरसकट देऊ नये. सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या) रुग्णांवरील 1998 च्या चाचणीत त्याने आजार वारंवार उफाळला आणि फुप्फुसांची क्षमता घटली. शिवाय ते महाग, आणि 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. तो पैसा फिजिओथेरपिस्टच्या पदांवर खर्च व्हावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा केंद्रे आहेतच. पुरवठा आणि प्रशिक्षण तिथूनच सुरू करावे.

आपले,
श्वसनविकारांवर काम करणारे डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट